वांग्याची बर्गर पॅटी: फुटणार नाही, लिबलिबीत राहणार नाही अशी

वांग्याचा बर्गर घरी करून पाहणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. पॅटी उलटताना तव्यावर फुटते. फुटली नाही, तर आतून लिबलिबीत राहते. आणि दोन्ही संकटांतून वाचलीच, तर तेलाने थबथबलेली निघते. या सगळ्याचे मूळ एकाच ठिकाणी आहे. ताज्या वांग्याच्या वजनात सुमारे ९२ टक्के पाणी असते आणि त्याच्या गरात हवेचे असंख्य सूक्ष्म कप्पे असतात. पाणी वेळेवर काढले नाही, तर ते पुढे पॅटीत सुटते आणि तिची बांधणी सैल करते. हवेचे कप्पे आधी चेपून बसले नाहीत, तर ते दिसेल तेवढे तेल ओढून घेतात. त्यामुळे मसाले कोणते घालावेत हा प्रश्न बराच नंतरचा आहे. कोणते काम आधी करावे आणि ते कुठे थांबवावे, यावर हा पदार्थ जमणे किंवा फसणे अवलंबून असते.

## सुरुवातीलाच ठरवा: पॅटी की अख्खा काप

वांग्याचा बर्गर दोन प्रकारे करता येतो. पहिल्या प्रकारात वांगे भाजून, बारीक चिरून, बांधणीचे पदार्थ मिसळून पॅटी वळतात. दुसऱ्या प्रकारात वांग्याचा जाड गोल काप तसाच शिजवून बनमध्ये ठेवतात. दोन्हींची तयारी वेगळी आहे, आणि एकाची कृती दुसऱ्याला लावल्यामुळेच निम्मे गोंधळ होतात. हा लेख मुख्यतः पॅटीबद्दल आहे, कारण चुका तिथे जास्त होतात. कापाची कृती आठव्या टप्प्यात स्वतंत्र दिली आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. वांग्यात प्रथिने फारच कमी, १०० ग्रॅममध्ये साधारण १ ग्रॅम असतात. पोटभरीचे आणि बांधणीला आधार देणारे काहीतरी सोबत घालावे लागते. नुसत्या वांग्याची पॅटी टिकत नाही आणि तिने भूकही भागत नाही.

## साहित्य (५ पॅटींसाठी)

- मोठे जांभळे वांगे: ६०० ग्रॅम
- मशरूम: १५० ग्रॅम
- कांदा: १ मध्यम
- लसूण: ३ पाकळ्या
- शिजवून पूर्ण निथळलेले काबुली चणे किंवा राजमा: १५० ग्रॅम
- ब्रेडचा कोरडा चुरा: ५० ग्रॅम, आणि गरजेसाठी थोडा जास्तीचा
- अंडे: १, अंडे नको असल्यास १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटे भिजवून
- टोमॅटो पेस्ट आणि सोया सॉस: प्रत्येकी १ मोठा चमचा
- पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) १ छोटा चमचा, मिरपूड अर्धा छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा
- तेल: भाजण्यासाठी २ मोठे चमचे, परतण्यासाठी १, पॅटी शेकण्यासाठी २

मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर आणि छोटा म्हणजे ५ मिलिलिटर. वजनकाटा असेल तर तो जरूर वापरावा. वांग्याचे आकार इतके वेगवेगळे असतात, की ‘एक मोठे वांगे’ या मापाला काहीच अर्थ उरत नाही.

सावधानता: राजमा वापरत असाल, तर तो पूर्ण शिजलेलाच हवा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हा घटक शिल्लक असतो आणि त्याने उलट्या-जुलाब होऊ शकतात. पॅटी तव्यावर शेकताना मिळणारी उष्णता तो नष्ट करायला पुरेशी नसते.

## टप्पा १: वांगे निवडणे आणि चिरणे

वांगे हाताला घट्ट लागावे, साल ताणलेली आणि चकचकीत असावी, देठ हिरवा असावा. अंगठ्याने हलकेच दाबल्यावर खळगा पडून तसाच राहिला, तर ते वांगे जुने आहे. त्याचा गर भुसभुशीत असतो, बिया जून झालेल्या असतात आणि चवीला कडवटपणा येतो. बिया काळपट आणि टणक निघाल्या, तर तेवढा भाग काढून टाकावा.

साल काढू नये. पॅटीला रंग आणि चावण्याजोगा पोत देण्याचे निम्मे काम तीच करते. वांग्याच्या २ सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात. फोडी फार लहान केल्या, तर कडा करपतात आणि मधला भाग सुकतो. फार मोठ्या केल्या, तर बाहेरून लाल झाल्या तरी आत पाणी राहते. चिरल्यावर गर तपकिरी पडू लागतो, त्याची चिंता करू नये. फोडी पुढे भाजायच्याच आहेत, त्यामुळे त्या पाण्यात टाकून ठेवण्याचे कारण नाही. पाण्यात ठेवलेल्या फोडी उलट आणखी पाणी पितात.

## टप्पा २: भाजणे, म्हणजेच पाणी घालवणे

संपूर्ण कृतीतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि घाई नेमकी इथेच होते.

१. ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर आधी पूर्ण तापवावा. थंड ओव्हनमध्ये ठेवलेल्या फोडी भाजण्याऐवजी स्वतःच्याच वाफेत उकडतात.

२. फोडी मोठ्या भांड्यात घेऊन त्यांवर २ मोठे चमचे तेल बारीक धारेने, सतत हलवत सोडावे. कच्चे वांगे स्पंजासारखे असते: ज्या फोडीवर तेल आधी पडते, ती ते सगळे शोषते आणि शेजारची कोरडीच राहते. काही फोडी कोरड्या दिसल्या तरी तेल वाढवू नये. उष्णतेने पेशी बसू लागल्या, की शोषलेले तेल पुन्हा बाहेर येते.

३. फोडी पसरट ट्रेमध्ये एकाच थरात, एकमेकींना न चिकटता मांडाव्यात. ६०० ग्रॅम फोडींना साधारण ३० × ४० सेंटिमीटरचा ट्रे लागतो. तेवढा नसेल, तर दोन ट्रे घ्यावेत. गर्दी करून एकच वापरू नये.

४. ३० ते ४० मिनिटे भाजावे. अर्ध्या वेळेनंतर एकदा उलथण्याने परतावे. त्याआधी हलवू नये, कारण कच्च्या फोडी ट्रेला चिकटून तुटतात.

मीठ अजून घातलेले नाही, हे लक्षात आले असेल. पॅटीसाठी फोडींना आधी मीठ लावून ठेवण्याची गरज नाही. ओव्हनची कोरडी उष्णता तेच काम अधिक चांगले करते. दोन्ही केल्यास वेळ वाढतो आणि पॅटी खारट होण्याचा धोका वाढतो, हाती मात्र वेगळे काही लागत नाही.

तपासणी: भाजलेल्या फोडी आकाराने आक्रसलेल्या, कडांना गडद तपकिरी आणि मधे मऊ असाव्यात. एक फोड चिमटीत दाबून पाहावी. बोटांवर तेलाची चमक आली तर ठीक. पाणी ओघळले, तर ट्रे आणखी ७-८ मिनिटे ओव्हनमध्ये जायला हवा. वजन केल्यास ते मूळच्या निम्म्यापेक्षा कमी भरले पाहिजे.

ओव्हन नसेल, तर रुंद आणि जाड बुडाच्या कढईत फोडी दोन खेपांत कराव्यात. आधी झाकण ठेवून मध्यम आचेवर ५-६ मिनिटे मऊ होऊ द्याव्यात, मग झाकण काढून, तळ लालसर होईपर्यंत पाणी आटवावे. झाकण ठेवूनच पूर्ण शिजवणे ही इथली नेहमीची चूक आहे. अख्खे वांगे आचेवर भाजून त्याचा गर घेण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्याचा धुरकट स्वाद खरोखर सुंदर असतो. परंतु सालीच्या आत कोंडलेले पाणी गरातच राहते. तो मार्ग घ्यायचा असेल, तर गर चाळणीत किमान तासभर निथळावा आणि नंतर कढईत कोरडा होईपर्यंत परतावा. निथळण्याचे काम वगळून केलेली पॅटी हमखास फुटते.

## टप्पा ३: गार करणे आणि चिरणे

भाजलेल्या फोडी ट्रेमध्येच १५ मिनिटे उघड्या ठेवून गार कराव्यात, म्हणजे उरलेली वाफही निघून जाते. त्या झाकू नयेत. गार झाल्यावर पाटावर घेऊन सुरीने मटारच्या दाण्याएवढ्या चिराव्यात. सालीचे लांब तुकडे राहू देऊ नयेत, कारण पॅटी चावताना ते सगळे मिश्रण सोबत ओढून आणतात.

सावधानता: मिक्सर वापरू नये. पात्यांखाली गराचा गुळगुळीत लगदा होतो आणि मग कितीही ब्रेडचा चुरा घातला, तरी आतून चिकट, गोळीबंद अशीच पॅटी मिळते. दाताला तुकडे लागले पाहिजेत.

## टप्पा ४: मशरूम, कांदा आणि लसूण

कच्चा कांदा थेट मिश्रणात घालणे ही पॅटी फुटण्यामागची दुसरी मोठी चूक आहे. मीठ लागताच तो पाणी सोडतो आणि तव्यावर पोहोचेपर्यंत मिश्रण ढिले झालेले असते.

मशरूम बारीक चिरून कोरड्या, तापलेल्या पॅनमध्ये टाकावेत. सुरुवातीला ते पाणी सोडतील. ते आटून पॅन पुन्हा कोरडा झाला, की तेल आणि बारीक चिरलेला कांदा घालावा. कांद्याच्या कडा सोनेरी झाल्यावर लसूण, टोमॅटो पेस्ट आणि पाप्रिका घालून दोन मिनिटे परतावे, म्हणजे पेस्टचा कच्चा आंबटपणा जाऊन रंग विटकरी होतो. शेवटी सोया सॉस घालून तो पूर्ण आटू द्यावा. मांसाच्या बर्गरमध्ये जी भरीव, रेंगाळणारी चव असते, ती इथे मशरूम, सोया सॉस आणि परतलेल्या टोमॅटोमधील ग्लुटामेट या चव देणाऱ्या घटकामुळे येते. वांगे स्वतः ती देऊ शकत नाही. म्हणून मशरूम वगळायचे झाल्यास सोया सॉस आणि टोमॅटो पेस्ट यांचे प्रमाण थोडे वाढवावे आणि त्या प्रमाणात मीठ कमी करावे.

तपासणी: उलथणे पॅनच्या तळावरून फिरवल्यावर त्यामागे कोरडी वाट उरली पाहिजे. ओघळ परत आला, तर आणखी परतावे.

## टप्पा ५: मिश्रण बांधणे

निथळलेले चणे कापडाने टिपून काट्याने ठेचावेत. निम्मे पूर्ण मोडावेत आणि निम्मे अर्धवट. मोडलेल्या चण्यांमधील स्टार्च बांधणीला लागतो, अर्धवट राहिलेल्यांमुळे पोत मिळतो. त्यात चिरलेले वांगे, गार झालेले मशरूमचे मिश्रण, मीठ आणि मिरपूड घालून कालवावे. चव इथेच पाहावी, कारण अंडे घातल्यावर मिश्रण कच्चे चाखू नये. त्यानंतर अंडे किंवा भिजवलेली जवसाची पूड घालावी आणि शेवटी ब्रेडचा चुरा.

चुरा शेवटी घालण्याला कारण आहे. तो मिश्रणातले पाणी शोषतो, पण त्याला वेळ लागतो. सगळा चुरा घालून मिश्रण १० मिनिटे तसेच ठेवावे आणि मगच ते सैल आहे की घट्ट, हे ठरवावे. कालवल्याबरोबर सैल वाटले म्हणून आणखी मूठभर चुरा ओतणाऱ्यांना शेवटी कोरडी, पावासारखी लागणारी पॅटी मिळते.

तपासणी: मूठभर मिश्रण घट्ट दाबून तळहातावर सोडावे. गोळा आकार धरून राहिला आणि तळहात जवळजवळ स्वच्छ निघाला, तर मिश्रण तयार आहे. हाताला चिकटत असेल, तर एक मोठा चमचा चुरा घालून पुन्हा ५ मिनिटे थांबावे. गोळ्याला तडे जात असतील, तर एक छोटा चमचा पाणी पुरते. शंका उरलीच, तर रुपयाएवढी लहान टिकली तव्यावर शेकून पाहावी. पाच पॅटी मोडण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.

## टप्पा ६: वळणे आणि फ्रीजमध्ये ठेवणे

प्रत्येकी १२० ग्रॅमच्या आसपास गोळे करून, ते दाबून दीड ते दोन सेंटिमीटर जाडीच्या पॅटी वळाव्यात. मांसाची पॅटी शिजताना आक्रसते, म्हणून ती बनपेक्षा मोठी वळतात. वांग्याची पॅटी आक्रसत नाही, म्हणून ती बनच्या बरोबरीनेच वळावी. मोठी केली, तर बनबाहेर आलेली कड खाताना तुटून पडते. कडा बोटांनी गोल फिरवून बंद कराव्यात. कडेला दिसणारा बारीक तडा तव्यावर हमखास रुंदावतो.

वळलेल्या पॅटी न झाकता किमान ४५ मिनिटे फ्रीजमध्ये ठेवाव्यात. या वेळात चुरा उरलेले पाणी ओढून घेतो आणि पृष्ठभाग किंचित सुकतो. हा टप्पा वगळता येत नाही.

## टप्पा ७: तव्यावर शेकणे

जाड, शक्यतो बिडाचा तवा मध्यम आचेवर ३-४ मिनिटे तापवावा, मग एक मोठा चमचा तेल पसरावे. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खमंग तपकिरी रंग येण्यासाठी साधारण १४० अंशांपुढे जावे लागते. आतापर्यंतचा सगळा कोरडेपणा या क्षणासाठी केला.

पॅटी फ्रीजमधून थेट तव्यावर ठेवाव्यात आणि त्यांच्यामध्ये दोन बोटे अंतर राखावे. मग ४ ते ५ मिनिटे हात लावू नये. या वेळात तव्याकडे कान द्यावा: सुरुवातीचा जोरदार चर्र आवाज हळूहळू बारीक, कोरड्या तडतडण्यात बदलतो आणि पॅटीच्या तळकडेला गडद रेषा दिसू लागते. पातळ उलथणे खाली सरकवल्यावर पॅटी स्वतःहून सुटली, तर ती उलटायला तयार आहे. अडकली, तर अजून एक मिनिट द्यावे. उलटताना खाली एक आणि वर एक अशी दोन उलथणी वापरावीत. दुसरी बाजूही उरलेल्या तेलावर ४ मिनिटे शेकावी. एकदाच उलटावे.

सावधानता: पॅटी उलथण्याने दाबू नये. अंडे वापरले असेल, तर मधले तापमान ७१ अंशांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. थर्मामीटर नसेल, तर दोन्ही बाजू शेकून झाल्यावर मंद आचेवर झाकण ठेवून २ मिनिटे द्यावीत, मग झाकण काढून प्रत्येक बाजूला अर्धा मिनिट कोरडी करावी.

ओव्हनमध्ये करायच्या असल्यास पॅटींना दोन्ही बाजूंनी तेल लावून २०० अंशांवर २५ मिनिटे, मध्ये एकदा उलटून. कवच तव्याइतके येत नाही. उघड्या जाळीच्या ग्रिलवर मात्र या पॅटी ठेवूच नयेत. त्या गजांमधून खाली पडतात.

## टप्पा ८: अख्ख्या कापाचा बर्गर

इथे मिठाची भूमिका उलट आहे. काप आधी ओव्हनमध्ये सुकवलेला नसल्याने मीठ लावणे टाळता येत नाही.

वांग्याच्या सर्वांत रुंद भागाचे २ सेंटिमीटर जाडीचे गोल काप करावेत. शिजल्यावर काप आक्रसतो, म्हणून तो बनपेक्षा थोडा रुंद निवडावा. ५०० ग्रॅम कापांना एक छोटा चमचा मीठ दोन्ही बाजूंनी चोळून ते चाळणीत ४५ मिनिटे ठेवावेत. पृष्ठभागावर घामासारखे थेंब जमतील. काप सुती कापडात गुंडाळून तळहाताने दाबावेत. कापड ओले होऊन काप लवचीक झाला, म्हणजे हवेचे कप्पे बसले. एवढे मीठ धुण्याची गरज नसते, पण पुढे सॉसमध्ये मीठ घालू नये.

तेल कापावर ब्रशने लावावे, तव्यावर ओतू नये. झाकण ठेवून मध्यम आचेवर प्रत्येक बाजू ४-५ मिनिटे शिजवावी, मग झाकण काढून आच वाढवावी आणि रंग आणावा. सोया सॉस, टोमॅटो पेस्ट आणि लसूण यांचा लेप शेवटच्या दोन मिनिटांतच लावावा, कारण टोमॅटोतील साखर लवकर करपते. काट्याचे टोक मधोमध विनासायास आरपार गेले पाहिजे. मध्ये पांढरट, रबरासारखा भाग उरलेला काप खाण्याजोगा नसतो. बाहेरचा रंग पाहून तो उतरवू नये.

## टप्पा ९: बर्गर रचणे

बनच्या आतल्या बाजू कोरड्या तव्यावर शेकून घ्याव्यात. खालच्या भागावर दाट सॉस किंवा मेयोनीज पातळ लावावे. त्यातील तेलामुळे पाव ओल लवकर शोषत नाही. त्यावर कोरडे पुसलेले लेट्यूसचे पान, मग पॅटी. चीज घालायचे असेल, तर ते पॅटी तव्यावर असतानाच शेवटच्या मिनिटाला ठेवून झाकावे. टोमॅटोच्या चकत्या कागदाने टिपून पॅटीच्या वर ठेवाव्यात, खाली नाही. वरून कांदा किंवा लोणच्यातली काकडी चांगली लागते, कारण वांग्याचा गर मऊ आणि स्निग्ध असतो आणि त्याला काहीतरी आंबट, कुरकुरीत हवेच असते. रचलेला बर्गर लगेच खावा.

## बिघडलेच तर

तव्यावर पहिलीच पॅटी फुटली, तर उरलेल्या तशाच पुढे रेटू नयेत. त्या परत मिश्रणात मोडून दोन मोठे चमचे चुरा घालावा, पुन्हा वळाव्यात आणि या वेळी २० मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. पॅटी बाहेरून करपून आतून ओली राहत असेल, तर आच जास्त आहे किंवा जाडी दोन सेंटिमीटरच्या वर गेली आहे. शेकलेल्या पॅटी आतून ओल्या निघाल्याच, तर १८० अंशांवर १० मिनिटे ओव्हनमध्ये ठेवल्याने बऱ्याच सुधारतात.

शिल्लक ठेवायच्या पॅटी शेकूनच ठेवाव्यात. पूर्ण गार करून बंद डब्यात फ्रीजमध्ये ३ दिवस राहतात. फ्रीझरमध्ये ठेवताना दोन पॅटींच्या मध्ये बटर पेपर घालावा; तिथे त्या २ महिने चांगल्या राहतात. परत गरम करताना ओव्हन किंवा कोरडा तवा वापरावा, मायक्रोवेव्ह टाळावा; त्यातल्या वाफेने कवच मऊ पडते.